शेवटच्या नावापुढचा स्वल्पविराम

३ नोव्हेंबर, रविवार

चौदाव्या वर्षी एक रेडिओ, दोन मोडके उघडून त्यांतून तिसरा केलेला. एकविसाव्या वर्षी साडेपाच मीटरची होडी, जी अजून पाणी घेत नाही. मग हे घर : पाया वडिलांचा, बाकी सगळं माझं. जिन्याला तेरा पायऱ्या आहेत आणि एकही पायरी दुसरीपेक्षा मिलिमीटरभरही उंच नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं पट्टी घेऊन यावं. माझ्या बायकोच्या, ओडनीच्या स्वयंपाकघरातली कपाटं, एकही खिळा न मारता. होडीघर. होडीघरातली लोखंडी शेगडी. आणि गार्न.

गार्न म्हणजे आमच्या नॉर्वेजियनमध्ये मासे धरायचं जाळं, आणि ते ज्यानं विणतात तो दोराही. एकोणीस वर्षांपूर्वी मी मासेमारीच्या जहाजावर रेडिओ सांभाळायचो. एका हिवाळ्यात वादळानं बारा दिवस बंदरात कोंडून ठेवलं, आणि त्या बारा दिवसांत कंप्युटरला हुकूम द्यायची ही छोटी भाषा मी लिहायला घेतली. कोणी शिकवलं नव्हतं. शाळा सोळाव्या वर्षीच सोडली होती. आज एक्केचाळीस मत्स्यशेतींमध्ये माशांना केव्हा आणि किती खाद्य टाकायचं ते गार्नमध्ये लिहिलेलं असतं. धक्क्यावरची फेरीबोटीच्या वेळांची पाटी गार्नवर चालते. आग लागली की आमच्या ग्रासॉय बेटाच्या अग्निशमन दलातल्या माणसांना फोन लावायचं कामही गार्नच करते. ते मी फुकट करून दिलं. दुकानात मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. ते कौतुकानं म्हणत नाहीत, हे मला कळतं.

ही वही गार्नच्या चौथ्या आवृत्तीसाठी. काय बदललं, काय बदललं नाही आणि का, ते इथे.

६ नोव्हेंबर, बुधवार

आधी न बदलायच्या गोष्टी.

गार्नमध्ये मजकूर अवतरणचिन्हांत लिहायचा. यादी चौकटी कंसात, आणि दोन नोंदींच्या मध्ये स्वल्पविराम. इथवर सगळ्या भाषा सारख्याच. पुढचे दोन नियम माझे. पहिला : यादीतल्या शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम ठेवलेला चालणार नाही. ठेवला तर गार्न तिथेच थांबते आणि ओळ क्रमांक सांगून चूक दाखवते. स्वल्पविराम म्हणजे पुढे आणखी कोणी आहे. कोणी नसताना तो ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून जाणं. दुसरा : दोन मजकूर शेजारी शेजारी आले आणि मध्ये काहीच नसलं तर गार्न ते जोडून एक करते. जहाजावरचा पडदा चाळीस अक्षरं रुंद होता. हवामानाचं लांब वाक्य त्यावर मावायचं नाही, म्हणून मी ते तुकड्यांत, एकाखाली एक लिहायचो आणि गार्न जोडायची. मला स्वतःला सगळ्यात आवडलेली सोय हीच.

जेवताना ओडनीला हे सांगितलं. ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. कंप्युटरशी तिचा संबंध नाही, पण ऐकून घेते.

“म्हणजे एक स्वल्पविराम जास्त झाला तर ओरडते,” ती म्हणाली, “आणि एक कमी पडला तर गप्प बसते?”

“गप्प नाही बसत. जोडते.”

“बरं,” म्हणाली, आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी साडेदहाला उत्तर टोकाला अर्न्फिनच्या धुरीघराला आग लागली. तो आत धुरी द्यायला हेरिंग मासे लटकवत होता. दलाची गाडी दक्षिणेकडून सव्वीस मिनिटांनी पोचली. अर्न्फिन गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. तीस वर्षं त्यानं या खडकांमधून जहाजं आत आणली, एकही घासू दिलं नाही.

काम झालं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात टोरलाइफ भेटला. तो दलात आहे आणि उत्तर टोकालाच राहतो. अर्न्फिनचं धुरीघर त्याच्या अंगणातून दिसतं. चार मिनिटांचा रस्ता.

“धूर दिसला मला,” तो म्हणाला. “लाकडं फोडत होतो. पण अर्न्फिनकडे कधी धूर नसतो? मी म्हटलं, म्हातारा लागला कामाला.”

“फोन आला तेव्हा तरी?”

“तोच सांगतोय. फोन वाजलाच नाही, प्रोफेसर.” या वेळी ‘प्रोफेसर’मध्ये टोमणा नव्हता. “रूनाचाही नाही.”

रूना म्हणजे नवी शिक्षिका. ऑगस्टमध्ये आली, तीही उत्तरेलाच राहते; शाळा तिच्या घराला लागून. दलात दाखल होऊन तिला दोन आठवडे झाले होते. नऊ जणांचं दल, सात फोन वाजले. न वाजलेले दोन नेमके आगीच्या शेजारचे.

घरी येऊन तडक ठाण्यातल्या कंप्युटरवरचा प्रोग्राम उघडला. प्रोग्राममध्ये दोष नाही. दोष यादीत आहे, आणि तो शोधायला मला सहा मिनिटं लागली. दलात कोण केव्हा आलं त्या क्रमानं यादी असते. ठाण्यातल्या खुंट्यांवर शिरस्त्राणं टांगलेली असतात त्याच क्रमानं. नवा माणूस नेहमी शेवटच्या खुंटीला. टोरलाइफ शेवटचा होता. रूनाचा क्रमांक त्याच्या खाली घातला गेला, पण टोरलाइफच्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम दिला गेला नाही. क्रमांकही अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच लिहिलेले असतात, म्हणून गार्ननं नियमाप्रमाणे दोन्ही जोडले. आठ आणि आठ, सोळा आकड्यांचा एक क्रमांक. फोन लागला नाही, प्रोग्रामनं तशी नोंद केली आणि पुढे गेला. तो नोंदींचा कागद कोणी वाचत नाही. फोनची चाचणी तीन महिन्यांतून एकदा होते. पुढची डिसेंबरात होती.

यादीत बदल करते वेंके, दलाची चिटणीस. दुकानातला टपालाचा गल्लाही तीच सांभाळते. दलप्रमुख गुडमुनला लगेच फोन करून कारण सापडल्याचं सांगितलं.

“नक्की?”

“अगदी नक्की. एक स्वल्पविराम राहिलाय. भाषेनं जे करायला हवं तेच केलं.”

 तो म्हणाला, “वेंकेचा राहिलाय.”

“हो.”

दोन दिवसांनी आज पहिल्यांदा नीट जेवलो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

वेंकेनं चिटणीसपद सोडलं. पाकीट घ्यायला टपालाच्या गल्ल्यावर गेलो तर सही घेताना तिनं मान वर केली नाही. मी म्हणालो, “वेंके, मनाला लावून घेऊ नकोस. कोणाच्याही हातून राहतो.”

“तुझ्या हातून राहतो?”

“मला सवय आहे ना.”

तिनं पेन माझ्या हातातून काढून घेतलं. मागे रांगेत तिघे होते. मी वळलो तेव्हा त्यांनी मला वाट करून दिली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

अर्न्फिनला पोचवलं. चर्चशेजारच्या सभागृहात कॉफी होती, चीज-मासे लावलेले पावाचे तुकडे होते, आणि ओडनीनं केलेले केक. मांगहिल्ड, अर्न्फिनची बायको, दारापाशी उभी राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होती. माझा घेतला आणि सोडला नाही.

“योस्टाइन, तूच सांग. टोरलाइफचा फोन का नाही वाजला?”

“इथे नको, मांगहिल्ड. शांतपणे सांगतो.”

“मला शांतपणा पुष्कळ मिळणार आहे. आत्ता सांग.”

म्हणून सांगितलं. यादी, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम. कागदी रुमालावर दोन क्रमांक लिहून ते कसे चिकटतात तेही दाखवलं. शक्य तितकं सोपं केलं. तिनं रुमाल नीट घडी करून बाहीत ठेवला आणि पुढच्या माणसाचा हात घेतला. तिला समजलं असावं.

परतताना गाडीत ओडनी म्हणाली, “तू त्या बाईला नवऱ्याच्या अंत्यविधीला आकृती काढून दाखवलीस.”

“तिनं विचारलं.”



२७ नोव्हेंबर, बुधवार

नगरपालिकेचं पत्र आलं. चौकशी समिती नेमली आहे, फेब्रुवारीत सुनावणी. भाषेचा कर्ता म्हणून माझं लेखी निवेदन हवं आहे : प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे चालला का. वेंकेलाही बोलावलं आहे. गुडमुनकडून कळलं की अहवालात कारण म्हणून एका व्यक्तीच्या हातची चूक लिहिली गेली तर ती तिच्या नावानं लिहिली जाईल, आणि बेटावर असा कागद पुसला जात नाही.

दुपारी बर्गनहून हेनिंगचा फोन. तो ज्या कंपनीत आहे ती मत्स्यशेतीची यंत्रं बनवते, आणि गार्न वापरणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तीच. वर्तमानपत्रात वाचलं म्हणाला. फार वाईट वाटलं म्हणाला. मग, “तुमच्या माहितीपुस्तिकेत तो जोडण्याचा नियम स्पष्ट लिहिलाय ना?”

“पान चौतीस. दहा वर्षांपासून.”

“मग झालं. पुस्तिकेप्रमाणे चाललं. एवढंच लिहा.”

एवढंच लिहिणार होतो. तसा मसुदाही केला, सात ओळींचा.

२ डिसेंबर, सोमवार

निवेदनाला जोडायला एक आकडा हवा होता. एकोणीस वर्षांत ही चूक आणखी कोणाकडून किती वेळा झाली? माझी खात्री होती की कधीच नाही, आणि तसं लिहिलं की मुद्दा पक्का होणार होता. लोक आपले गार्नमधले प्रोग्राम मला पाठवतात, ते सगळे माझ्याकडे आहेत. याद्यांमध्ये शेजारी शेजारी चिकटलेले मजकूर शोधणारा छोटा प्रोग्राम लिहिला.

हवामानाची लांब वाक्यं वगळली तर सत्तावीस ठिकाणं निघाली. एका मत्स्यशेतीत दोन पिंजऱ्यांची नावं चिकटलेली. त्या दोन पिंजऱ्यांना तीन आठवडे खाद्य कमी पडलं असणार आणि कोणी तरी हातानं टाकत बसलं असेल. एका शाळेच्या यादीत दोन मुलं. सत्तावीसपैकी चोवीस यादीच्या शेवटच्या दोन ओळींत होती. मला हे अपेक्षित नव्हतं. चूक कुठेही व्हायला हवी होती, मधेही. ती शेवटीच का होते?

बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. फेरी गेली, फेरी आली.

शेवटीच होते, कारण नवी नोंद शेवटी येते. आणि आधीच्या ओळीनंतर स्वल्पविराम नसतो, कारण मी तो ठेवू देत नाही. नवं नाव लिहिणाऱ्या माणसाला आपली ओळ लिहून भागत नाही. दुसऱ्या कोणी लिहिलेली, कालपर्यंत बरोबर असलेली ओळ परत उघडून बदलावी लागते. त्यानं ती बदलली नाही तर माझा दुसरा नियम ती चूक झाकून टाकतो.

तरीही पुस्तिकेत लिहिलं होतं. पान चौतीस.

४ डिसेंबर, बुधवार

अठ्ठाविसावं ठिकाण.

गार्नमध्ये मी काहीही बदललं की काही तपासण्या आपोआप चालतात आणि त्यांची संख्या पडद्यावर येते. दोनशे बारा. हा आकडा मी भिंतीवर लावलेल्या कागदावर लिहून ठेवला आहे. त्या तपासण्यांच्या नावांची यादी माझ्या हातची. परवा ती त्या प्रोग्रामला घातली नव्हती, कारण गरज वाटली नव्हती. आज घातली. मग विश्वास बसेना म्हणून बोट ठेवून ओळी मोजल्या. दोनशे चौदा.

शेवटच्या दोन चिकटल्या आहेत. दोन नावांचं मिळून एक तिसरं नाव झालं, त्या नावाची तपासणी नव्हतीच, म्हणून प्रोग्राम पुढे गेला. अकरा वर्षं. दोन्ही वेगवेगळ्या चालवून पाहिल्या. एक पास झाली. दुसरी, शून्याच्या जरा खालचं तापमान नीट वाचलं जातं का ते पाहणारी, नापास. म्हणजे अकरा वर्षं गार्न उणे अर्धा अंश हा अधिक अर्धा अंश असा वाचते आहे.

भिंतीवरचा कागद काढला.

५ डिसेंबर, गुरुवार

काही लिहिण्यासारखं नाही. होडीघरात बसलो.

८ डिसेंबर, रविवार

नऊ वर्षांपूर्वी ट्रोनहाइमहून इंगुन नावाच्या एका बाईचं पत्र आलं होतं. ती विद्यापीठात शिकवते. तिनं दोन परिच्छेदांत लिहिलं होतं की यादीच्या शेवटी स्वल्पविराम चालू द्या, आणि मजकूर जोडायचे असतील तर मध्ये अधिकचं चिन्ह मागा, नाहीतर एक दिवस कोणी तरी यादीतून हरवेल. माझं उत्तर तीन पानांचं होतं. त्याची प्रत आज काढून वाचली. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही.

तिला फोन केला. रविवारी कोणी उचलेल असं वाटलं नव्हतं.

“तुम्ही? गार्नवाले?” ती म्हणाली. “तुमच्या उत्तरातलं एक वाक्य मला पाठ आहे. ज्याला स्वल्पविराम ठेवता येत नाही त्यानं जाळ्याला हात लावू नये.”

“ते मी लिहिलं होतं.”

“छान जमलंय. मी वर्गात वाचून दाखवते.” मग तिचा आवाज खाली आला. “वर्तमानपत्रात आलेलं बेट तुमचंच का?”

“हो.”

“त्या चिटणीस बाईला माहीत आहे का, की चूक करण्याची जागा तिच्यासाठी आधीच तयार होती?”

मी म्हणालो, तिला माहीत नाही. ती म्हणाली, मग फोन मला का करताय?

१५ डिसेंबर, रविवार

कोणत्याही आधीच्या नोंदीत हे लिहिलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगत होतो. पण माहीत होतं. रूना येईपर्यंत टोरलाइफचं नाव दलाच्या यादीतलं शेवटचं, सहा वर्षांपूर्वीचं. तेव्हा यादी पहिल्यांदा प्रोग्राममध्ये घातली. सगळी आठ नावं एकाच दिवशी, ठाण्यातल्या खुंट्यांकडे पाहत पाहत, मी टाइप केली.

ज्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम नाही ती ओळ वेंकेची नाहीच. वेंकेनं तिची ओळ अचूक लिहिली आहे. स्वल्पविराम नसलेली ओळ माझ्या हातची आहे.

सहा वर्षांत दलात नवं कोणी आलं नाही. म्हणून सहा वर्षं सगळं ठीक होतं.

७ जानेवारी, मंगळवार

सुट्ट्या संपल्या. वेंकेकडे गेलो. ती दुकानामागे रिकामे खोके चपटे करत होती. मी दाराशी टोपी हातात घेऊन उभा.

“माफी मागायला आलायस की समजावून सांगायला?”

मी तिला अठ्ठावीस ठिकाणांबद्दल सांगायला सुरुवात केली.

“म्हणजे समजावून सांगायला.” तिनं एका खोक्यावर पाय दिला. “तुला ठाऊक आहे, गेले आठ आठवडे मी रोज सकाळी उठून ती यादी परत लिहिते? डोक्यात. रोज स्वल्पविराम ठेवते. रोज अर्न्फिन वाचतो.”

“ती ओळ तुझी नव्हती, वेंके. माझी होती.”

“काय?”

“टोरलाइफची ओळ मी लिहिली होती. शेवटी काही ठेवायचं नाही हा नियमही माझा. आणि नसलं तर बोलायचं नाही, हाही.”

तिनं खोक्यावरचा पाय काढला. मग म्हणाली, “आणि हे तुला केव्हा कळलं?”

खरं सांगितलं. “डिसेंबरात.”

“आज जानेवारीची सात तारीख आहे.”

“हो.”

“नाताळात घरी नात आली होती. ती म्हणाली, आजी, शाळेत मुलं म्हणतात तू अर्न्फिनला मारलंस. तेव्हा तुला कळलेलं होतं.” ती पुन्हा खोक्यांकडे वळली. “जा तू आता. दार ओढून घे, गारठा येतोय.”

२२ जानेवारी, बुधवार

चौथी आवृत्ती सुरू केली, म्हणजे आधीची सगळी टाकून नव्यानं. यादीतल्या प्रत्येक नोंदीनंतर स्वल्पविराम, शेवटच्याही; शेवटचा नसला तरी चालेल, असला तर उत्तम. शेजारी आलेले मजकूर जोडणार नाही. जोडायचे असतील तर मध्ये अधिकचं चिन्ह घाला, नाहीतर गार्न थांबेल आणि दोन्ही ओळींचे क्रमांक सांगेल. सगळ्यांचे जुने प्रोग्राम ठिकठिकाणी मोडतील. माझ्याकडे आहेत त्यांतच तीन हजारांवर जागा निघतात. हवामानाची माझी सगळी वाक्यं त्यांत आहेत. आज ती एकेक करून दुरुस्त करत होतो.

हेनिंगला कळवलं. तो म्हणाला, “योस्टाइन, जरा थांबा. नियम मोडणार म्हणजे नियम चुकीचे होते असं तुम्ही स्वतः सांगताय. आमच्या दीडशे यंत्रांवर तेच नियम आहेत. सुनावणीच्या आधी हे करू नका.”

“आधीच करायला हवं होतं. नऊ वर्षं आधी.”

“घाईनं काही लिहून देऊ नका. मी वरिष्ठांशी बोलतो.”

३० जानेवारी, गुरुवार

ओडनीला निवेदन वाचून दाखवलं. चार पानं. ती विणत होती. संपल्यावर म्हणाली, “अर्न्फिनचं नाव कुठाय?”

“पान दोनवर. घटनेच्या वर्णनात.”

“आणि वेंकेचं?”

“तेही आहे.”

“तुझं?”

मी पानं उलटली. चार पानांत ‘भाषेची रचना’ हे शब्द एकोणीस वेळा आले होते. ‘मी’ एकदाही नव्हता.

परत लिहायला बसलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुनावणी. नगरपालिकेच्या सभागृहात समितीचे तिघे, समोर आम्ही. गुडमुन, टोरलाइफ, रूना. वेंके एका टोकाला, ओव्हरकोट न काढता. मांगहिल्ड पहिल्या रांगेत. माझं निवेदन आता एका पानाचं होतं. उभा राहून वाचलं.

अध्यक्षबाई मुख्य भूभागावरून आल्या होत्या, त्यांनी चष्मा काढला. “पण चिटणीसांना सूचना दिल्या होत्या ना? पुस्तिकेत हा नियम लिहिलेला आहे.”

“सूचना दिली होती : नवं नाव शेवटी लिही. तिनं तेच केलं. स्वल्पविराम तिच्या ओळीत नको होता, आधीच्या ओळीत हवा होता. ती ओळ मी लिहिलेली आहे, आणि तिथे स्वल्पविराम ठेवायला मीच मनाई केली होती. पान चौतीसही मीच लिहिलंय. एक नाव वाढवायला पान चौतीस कोणी उघडत नाही.”

“म्हणजे प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे चालला नाही?”

“माझ्या अपेक्षेप्रमाणे चालला. अपेक्षाच चुकीची होती.”

“मग कारण म्हणून काय लिहायचं?”

“माझं नाव लिहा.”

मागे कोणी तरी खुर्ची सरकवली. अध्यक्षबाईंनी सांगितलं की मसुदा आठवड्याभरात सहीला येईल. तोवर निवेदनात बदल करायचा असेल तर करता येईल.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ होता. मांगहिल्ड कठडा धरून सावकाश उतरत होती. मी हात पुढे केला. तो तिनं घेतला नाही, कठडाच धरला. खाली पोचल्यावर थांबली.

“मला अजूनही तो स्वल्पविराम समजत नाही,” ती म्हणाली. “रुमालावरचा. पण आज तू बोललास ते समजलं.” मग, “वेंकेला घरी सोड. तिची गाडी चालू होत नाहीये.”

वेंके माझ्या गाडीत मागे बसली. वाटेत एकदाच बोलली, “हीटर वाढव.”

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नगरपालिकेत जाऊन मसुद्यावर सही केली. ‘कारण’ या शीर्षकाखाली माझं नाव आहे, त्यापुढे दोन ओळी, आणि दोन्ही बरोबर आहेत. वेंकेचं नाव फक्त हजर असलेल्यांच्या यादीत. दलानं तिला चिटणीसपद परत दिलं. घ्यायचं की नाही ते तिनं अजून सांगितलं नाही.

घरी आल्यावर ओडनीला ते पत्र दाखवलं, जे सोमवारपासून माझ्या कोटाच्या खिशात होतं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. छताकडे पाहिलं, जे या वर्षी बदलायचं होतं. “मला विचारायचं होतंस,” म्हणाली. मी म्हणालो, विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? “नाहीच म्हणाले असते,” ओडनी म्हणाली. “पण विचारायचं होतंस.”

पत्र हेनिंगच्या कंपनीचं. गार्नचे सगळे हक्क, नावासकट, त्यांना विकायचे. तिसऱ्या आवृत्तीचे नियम दहा वर्षं बदलायचे नाहीत. आणि मसुद्यावर सही करण्याआधी समितीला दिलेलं निवेदन मागे घेऊन त्या जागी एक वाक्य द्यायचं, भाषा पुस्तिकेप्रमाणे चालली. मी मंगळवारीच नाही म्हणून कळवलं होतं. रक्कम बेचाळीस लाख क्रोनर.